डायरेक्टरांचा डावा पाय

जिमच्या आतल्या केबिनच्या दारावर एक पितळी पाटी आहे. तिच्यावर पूर्वी वर नाव आणि खाली ‘फिटनेस डायरेक्टर’ असं होतं. सफाईवाल्या मावशींनी पाटी इतकी मन लावून घासली की नाव गेलं आणि हुद्दा तेवढा उरला. तेव्हापासून सगळे त्यांना डायरेक्टरच म्हणतात. मेंबर म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि राग आला की बायकोही म्हणते, “अहो डायरेक्टर, दूध उतू जातंय, जरा फिटनेस दाखवा.”

आता हा माणूस काही आईच्या पोटातून डायरेक्टर म्हणून आलेला नव्हता. बाविसाव्या वर्षी याच जिममध्ये लागला तो वजनं जागेवर ठेवायला. लोक वजनं उचलायचे, आरशात स्वतःला बघायचे आणि वजनं तिथेच टाकून घरी जायचे. दिवसभरात सगळे मिळून जेवढं उचलत, तेवढं हा काटकुळा पोरगा एकटा परत ठेवत असे. त्यातूनच अंग भरलं. मग एक ट्रेनर भांडून निघून गेला, आणि “दोन महिने तू उभा राहा” म्हणून याला उभं केलं. ते दोन महिने चौदा वर्षं चालले. मधे शरीरशास्त्राची जाडजूड पुस्तकं आणली, परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, हेड ट्रेनर झाले, आणि मग ती पाटी लागली. एकूण बत्तीस वर्षं. एवढ्या वर्षांत लग्नं मोडतात हो, पण या माणसाने जिम बदललं नाही.

वजनं परत ठेवता ठेवता त्यांनी एक गोष्ट बघून ठेवली होती. शंभर किलो उचलणारा गडी खाली पडलेली किल्ली उचलताना मात्र “आई गं!” करतो. मग ते शंभर किलो काय चाटायचेत?

म्हणून डायरेक्टरांच्या केबिनमध्ये मशीन नाही. तिथे आहे एक लाकडी, बिनहाताची खुर्ची. घरच्या स्वयंपाकघरातून आणलेली. नवा मेंबर येतो, नवे बूट, नवी बाटली, अंगात नवा उत्साह. डायरेक्टर म्हणतात, “बसा.” तो बसतो. “उठा. हात न लावता.” तो उठतो. “परत बसा. हळू. आदळू नका, खुर्ची माझी आहे.” असं दहा वेळा. तेवढ्यात त्यांना कळतं की कोणता पाय काम करतोय आणि कोणता नुसता सोबत आलाय, कोण श्वास कोंडतो, कोणाची कंबर कुरकुरते. मेंबर बिचारा मनात म्हणत असतो, एवढे पैसे भरून मी बसायला शिकायला आलो?

मग कार्ड. कार्डावर एकच प्रश्न: काय करायचंय?

जवळच्या बँकेतली कॅशियर बाई आली तेव्हा तिने झटक्यात लिहिलं, ‘वजन कमी.’ डायरेक्टरांनी त्यावर काट मारली.

“वजन कमी करून काय करायचंय?”

“म्हणजे? बारीक व्हायचंय.”

“बारीक होऊन?”

बाई चिडली. “अहो, तुम्ही ट्रेनर आहात की वकील?” पण मग हळूच म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावर राहते मी. लिफ्ट नाही. लेक दमून झोपली की तिला उचलून वर न्यायचंय. आत्ता दुसऱ्या मजल्यावर तिला उठवावं लागतं. मग ती रडते, आणि मग मी रडते.”

डायरेक्टरांनी ते जसंच्या तसं कार्डावर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दळणाच्या पिशवीएवढी वाळूची पिशवी देऊन तिला पायरीवर उभं केलं. हीच त्यांची पद्धत. जे करायचंय त्याचीच तयारी, बाकीचा तमाशा नाही.

आणि भिंतीवर लाल अक्षरांत एक नियम: ‘दुखणं लपवाल तर मी तुमचा ट्रेनर नाही.’

हा नियम ट्रेनरनाही लागू होता. त्यांची सगळ्यात चांगली ट्रेनर म्हणजे तोफ. तिला सगळे तोफ म्हणत, कारण ती सेट मोजायला लागली की खालच्या चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं दचकत. गेल्या वर्षी तिची पाठ धरली होती आणि ती गोळ्या खाऊन शिकवत राहिली. डायरेक्टरांना कळलं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर पंधरा दिवस घरी पाठवलं. “जी स्वतःचं दुखणं लपवते, तिला दुसऱ्याचं काय दिसणार?” तोफ रडत गेली. परत आली ती ठणठणीत होऊन. मेंबरांमध्ये डायरेक्टरांचा दरारा आणखी वाढला.

आणि नेमका त्यानंतर महिन्याभरात डायरेक्टरांचा डावा गुडघा गेला.

कसा गेला? काही शौर्य गाजवताना नाही. घरी माळ्यावरून सूटकेस काढून स्टुलावरून उतरताना. कट्‌ असा आवाज आला. ते म्हणाले, “स्टूल जुनं झालंय.” बायको म्हणाली, “आवाज स्टुलाचा नव्हता.” ते म्हणाले, “स्टुलाचाच होता.” विषय संपला आणि पंचाईत सुरू झाली.

चढायला काही वाटायचं नाही. उतरायला लागलं की जीव जायचा. आता सांगायचं कोणाला? ज्याने तोफेला सगळ्यांदेखत घरी बसवलं, त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं? ‘दोन आठवड्यांत बरं होईल,’ असं म्हणत म्हणत वर्ष गेलं. हाफपँट जाऊन लांब ट्रॅकपँट आली. मलम ते दोन बसस्टॉप पलीकडच्या दुकानातून आणत, कारण जवळच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर त्यांची बायकोच उभी असायची. पण औषधांत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईच्या नाकाला कोण फसवणार?

“मलमाचा वास येतोय तुम्हाला.”

“मेंबरच्या खांद्याला लावलं.”

“रोज?”

“रोज दुखतो त्याचा.”

“त्याचा की तिचा?”

डायरेक्टरांनी भाकरीचा तुकडा मोडला. खरं सांगायची ती वेळ होती. पण नाही. “त्याचा,” म्हणाले, आणि ताटात बघत राहिले.

याहून वाईट एक गोष्ट होती. लग्नापासून दोघं रोज संध्याकाळी घरामागच्या टेकडीवर जात. वर जाऊन पाच मिनिटं भांडायचं आणि खाली यायचं, असा सव्वीस वर्षांचा क्रम. वर जाणं आताही जमलं असतं, पण खाली कोण येणार? म्हणून ते रोज काहीतरी काढत. आज बॅच आहे. आज मीटिंग आहे. आज नवा मेंबर आहे. सुरुवातीला बायको थांबायची. मग “बरं” म्हणून एकटी जायला लागली. मग तिने विचारणंच सोडलं. दारात बूट घालायची आणि निघून जायची. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत हे खिडकीतून बघायचे, पण तोंड काही उघडायचं नाही. असला हट्टी माणूस, दुसरं काय म्हणायचं?

जिम पहिल्या मजल्यावर. जिन्याला पंधरा पायऱ्या. त्या उतरायचा डायरेक्टरांनी एक उपाय शोधला होता: उलटं उतरायचं. कठडा धरून, तोंड वर करून, पाठमोरं. गुडघा कमी बोलायचा. एके दिवशी ते असे उतरत असताना खालून कॅशियर बाई आली.

“सर, हे काय?”

डायरेक्टरांच्या तोंडून निघून गेलं, “हा? हा नवा व्यायाम आहे. तोल सुधारतो.”

झालं. आठवड्याभरात अर्धं जिम उलटं उतरायला लागलं. डायरेक्टर करतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच! सकाळी आठला जिन्यावर ही गर्दी: चढणारे सरळ, उतरणारे उलटे, आणि दोघंही वरच बघतायत. पार्सलवाला एका वकिलाच्या पाठीवर आदळला. एका मेंबरने आपल्या ऑफिसात हे सुरू केलं. कोणीतरी त्याला ‘डायरेक्टर उतार’ असं नाव दिलं. डायरेक्टर केबिनमध्ये बसून घाम पुसत होते.

तेवढ्यात टेलरकाकांनी त्यांना पकडलं. टेलरकाका म्हणजे एकाहत्तर वर्षांचे, आयुष्यभर जमिनीवर बसून कापड बेतलेले. दुकान बंद केल्यावर बैठक सुटली ती सुटली. त्यांच्या कार्डावर होतं, ‘जमिनीवर बसून नातीचा फ्रॉक बेतायचाय आणि कोणी हात न देता उठायचंय.’ बोलायला कमी, पण बघायला पक्के.

“डायरेक्टरसाहेब, पँट नवी का?”

“हो काका. का?”

“डाव्या बाजूला फुगते. कापडाचा दोष नाही. मांडी उतरलीय तुमची. पाऊण इंच तरी.” एवढं बोलून काका खुर्चीत बसले, उठले, बसले, उठले. “वर्षभर वापरला नाही की पाय असा होतो. तुम्हीच सांगितलंत मला.”

डायरेक्टरांनी घाईघाईने केबिनचं दार लोटलं. “काका, कोणाला बोलू नका.”

“मी कशाला बोलू? मी मापं घेतो. बोलायचं ज्याचं त्याने.”

आणि पुढच्याच आठवड्यात वर्धापनदिन होता. वर्धापनदिनाला दर वर्षी डायरेक्टर काय करत, तर त्या लाकडी खुर्चीतून एका पायावर उठत. दहा वेळा उजव्या पायावर, दहा वेळा डाव्या. मेंबर गोल उभे राहून मोजत. वीस वर्षं हा कार्यक्रम चालला होता. या वर्षी जिमच्या मालकीणबाईंनी हौसेने दारात मोठा फोटो लावला: ‘वय चोपन्न. एक पाय. एक खुर्ची. या आणि मोजा.’ डायरेक्टर त्या फोटोखालून रोज उलटे उतरत होते.

केबिनचं दार लावून त्यांनी बेत आखला. उजव्या पायावर दहा झाले की उठायचं, हात वर करायचे, टाळ्या घ्यायच्या, खुर्ची फिरवून ठेवायची, आणि परत उजव्याच पायावर दहा. लांब पँट, चहूकडे आरसे. त्या गोंधळात डावा कोणता नि उजवा कोणता, कोणाला कळतंय? त्यांनी तीन दिवस सराव केला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाला एक सेट कमी करू दिला नाही, तो लबाडीचा सेट न चुकता करत होता.

वर्धापनदिनाच्या दोन दिवस आधी जिन्यात धप्प असा आवाज आला. कॅशियर बाई उलटी उतरत होती. शेवटची पायरी झाली असं समजून तिने पाय टाकला, आणि पायरी अजून एक होती. घोटा मुरगळला. तिला वर आणून खुर्चीत बसवलं, बर्फ लावला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, तीन आठवडे वजन उचलायचं नाही.

“म्हणजे लेकीला उचलायचं नाही,” बाई म्हणाली. मागच्याच महिन्यात तिने पहिल्यांदा झोपलेली लेक तिसऱ्या मजल्यापर्यंत नेली होती, न उठवता. दुसऱ्या दिवशी तिने जिममध्ये पेढे वाटावेत तसं सगळ्यांना ते सांगितलं होतं. आता डोळे पुसत ती डायरेक्टरांना म्हणाली, “सर, माझंच चुकलं. तुम्ही बरोबर करता, मी नीट शिकले नाही.”

डायरेक्टर काहीतरी पुटपुटले आणि केबिनमध्ये गेले. दार लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर लाल अक्षरं होती. लाज वाटली त्यांना, आणि ती चांगलीच वाटली.

तरी वर्धापनदिनाला ते बेताप्रमाणेच उभे राहिले हो! भीती माणसाला सोडते थोडीच? सकाळी बायकोने सांगितलं होतं, “मला नाही जमणार यायला.” वीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. पण शेवटी आली, आणि पर्स छातीशी धरून मागे दाराजवळ उभी राहिली. मालकीणबाईंनी दोन शब्द म्हणून दोनशे बोलून घेतले. मग खुर्ची मधे आली.

“एक!” तोफेने आवाज काढला. खालच्या दुकानात काहीतरी पडलं. “दोन! तीन!” उजवा पाय झकास चालला. दहा झाले. टाळ्या. डायरेक्टर उठले, हात वर केले, खुर्ची फिरवली, बसले. पँट सारखी केली. डावा पाय हळूच उचलून पुढे धरला.

“एक!” सगळे ओरडले. टेलरकाका ओरडले नाहीत. ते पँटकडे बघत होते.

“दोन!”

पुढच्याच रांगेत स्टुलावर कॅशियर बाई बसली होती. घोट्याला पट्टी. आणि सगळ्यांत मोठ्याने तीच मोजत होती.

“ती—”

“थांबा,” डायरेक्टर म्हणाले. अर्धवट उठलेले तसेच खाली बसले, आणि खुर्चीवर आदळले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. “मोजू नका. हा उजवाच आहे.”

कोणाला काही कळेना.

“डावा चालत नाही. वर्ष झालं. उलटं उतरणं व्यायाम नव्हता, मला सरळ उतरताच येत नाही.” मग ते कॅशियर बाईकडे वळले. “तुमचं काही चुकलं नाही बाई. मी खोटं बोललो आणि पाय तुमचा मुरगळला.”

मालकीणबाई फोटोकडे आणि फोटोतल्या माणसाकडे आळीपाळीने बघत होत्या. तेवढ्यात मागून तो जिन्यातला वकील म्हणाला, “म्हणजे मी दीड महिना उगाच उलटा उतरतोय?” आणि दोघं-तिघं फिसकन हसले.

तोफ मात्र हसली नाही. ती लालबुंद होऊन पुढे आली. “मला पंधरा दिवस घरी बसवलंत सर! सगळ्यांसमोर! मी घरी जाऊन आईच्या मांडीवर रडले!”

“बरोबर आहे,” डायरेक्टर म्हणाले. “मला वर्षभर बसव.”

तोफेचे डोळे भरून आले. ती ताडताड केबिनमध्ये गेली. लोकांना वाटलं, ही आता पाटी उखडून आणते. ती कोरं कार्ड घेऊन आली आणि खुर्चीसमोर उकिडवी बसली.

“काय करायचंय?”

“तोफे, अगं सगळ्यांसमोर—”

“काय करायचंय, सर?”

“गुडघा बरा करायचाय.”

तिने लिहिलं आणि त्यावर काट मारली. “ते डॉक्टरांचं काम. उद्या आधी त्यांना दाखवायचा. गुडघा बरा करून काय करायचंय?”

जो प्रश्न त्यांनी हजारांना विचारला होता, तो आपल्यावर आला की किती जड असतो, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं. ते कार्डाकडे बघत राहिले. मग मान वर करून लोकांच्या डोक्यांवरून दाराकडे बघितलं.

“टेकडी उतरायचीय,” ते म्हणाले. “चढता येते मला. उतरता येत नाही. म्हणून जात नव्हतो. हिच्याबरोबर उतरायचीय.”

सगळ्या माना मागे वळल्या. बायको पर्स धरून तशीच उभी होती.

“एवढंच होतं?” ती म्हणाली. “गुडघा होता?”

“हो.”

“आणि तो मलमवाला मेंबर?”

“मीच.”

“अहो, मग सांगायचं की हो! वर्षभर रोज काहीतरी काढत होतात. मला वाटलं...” तिने पर्स उघडली, रुमाल सापडेना, पर्स बंद केली. “मला वाटलं, कंटाळलात मला. मूर्ख माणूस! मलम तरी माझ्याकडून घ्यायचंत, ते दुसरं चांगलं येतं.”

आता जिममध्ये अर्धे हसत होते आणि अर्धे नाक ओढत होते. तोफ दोन्ही करत होती. तिने कार्डावर लिहिलं, ‘बायकोबरोबर टेकडी उतरायचीय,’ आणि खाली स्वतःची सही ठोकली. कॅशियर बाई म्हणाली, “सर, तीन आठवडे मलाही बसूनच व्यायाम आहे. सोबत करू.” मालकीणबाईंनी दारातला फोटो काढायला सांगितला. पाटी राहू दे म्हणाल्या.

तेवढ्यात टेलरकाका मधे आले. कोणी काही बोलायच्या आत लादीवर मांडी घालून बसले आणि कोणाचा हात न घेता उठले. कापड झटकतात तशी पँट झटकली. “माझं झालं,” म्हणाले. “कार्यक्रम वाया जायला नको म्हणून करून दाखवलं.” टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मग सगळे निघाले. जिन्याच्या तोंडाशी डायरेक्टर थांबले. सवयीने पाठ फिरवायला लागले, तर बायकोने दंड धरून त्यांना सरळ केलं. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात बायको. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. मागे सगळं जिम खोळंबलेलं, आणि वरून तोफ मोजतेय, जरा हळू आवाजात. पंधरा पायऱ्यांना पाच मिनिटं लागली. कोणीही घाई केली नाही.

खाली आल्यावर बायको म्हणाली, “संध्याकाळी टेकडीवर यायचं. पण पायथ्यापर्यंतच. वर नाही.”

“पायथ्याशी काय करायचं?”

“बसायचं. बाक आहे तिथे.”

“बाक कधी बसवला?”

“आधीपासूनच आहे,” ती म्हणाली. “वर्षभर मी तिथूनच परत येतेय. एकटीला वर जावंसं वाटायचं नाही.”